सालीसकट

मधुवंतीच्या ताटलीत दीड इडली उरली होती आणि वाटीतलं सांबार संपलं होतं. "आई, अजून कोंजम सांबार घाल," ती म्हणाली. अलकनंदाच्या हातात पळी होती, पळीत सांबारही होतं, वाटीपासून चार बोटांवर आलंही होतं, पण रोजच्या खोडीनं तिच्या तोंडून आधी निघालं, "कोंजम नाही मधू, थोडं म्हण." आता कोंजम म्हणजे थोडंच. अख्ख्या चेन्नईत दिवसभर कानावर पडणारा तमिळ शब्द, त्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? पण आठ वर्षांच्या मधुवंतीनं वाटी मागं ओढली, तिच्यावर डाव्या हाताचा तळवा पालथा घातला आणि म्हणाली, "मग नको." ना रडली, ना फुरंगटली. कोरडी इडली पाण्याच्या घोटाबरोबर ढकलली, दप्तर पाठीला लावलं आणि शाळेच्या व्हॅनपर्यंत जाताना जे काय चार शब्द बोलली ते इंग्रजीत बोलली. "बाय, मम्मी." मम्मी! तिनं जन्मात कधी अलकनंदाला मम्मी म्हटलं नव्हतं. व्हॅन कोपऱ्यावरच्या आडी या तमिळ महिन्याच्या सेलच्या फलकाआड गेली तरी अलकनंदा फाटकाशी उभीच होती, आणि आपण पळी हातात घेऊनच खाली आलो हे तिला शेजारच्या मामी बघायला लागल्या तेव्हा कळलं.

वर स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई, कमलिनीबाई, पाय पसरून बसल्या होत्या आणि कोमट पाण्यात भिजत घातलेले सांबारचे बारके कांदे सोलत होत्या. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहून या लोकांनी मराठी टिकवली. टिकवली म्हणजे कशी, तर निम्मे शब्द कुठल्या तरी जुन्या काळातले आणि निम्मे समोरच्या वाण्याच्या दुकानातले. "पोर अर्धपोटीं गेली कीं गे," एवढंच त्या म्हणाल्या आणि परत कांद्याकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अलकनंदाला वाटलं. पळीत उरलेलं सांबार तिनं पातेल्यात परत ओतलं. त्याचा आवाज तिला उगाचच मोठा वाटला.

तर अलकनंदाला निवडायचा नाद होता. मिरजेला उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची आई वर्षाचे गहू निवडायला बसवायची. पंख्याखाली, मांडीवर ताट घेऊन, खडा वेगळा, काडी वेगळी, किडका दाणा वेगळा. इतर पोरी पळून जायच्या, ही मात्र बसायची. हाताखालून स्वच्छ धान्य सरकताना तिला असं काही सुख लागायचं की जेवायला हाक मारली तरी उठवत नसे. पुढं लग्न होऊन ती वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये आली, इथं बंद पिशवीतला, यंत्रानं साफ केलेला तांदूळ मिळायला लागला, तरी ही ताट घेऊन बसायचीच. सासूबाई हसायच्या. "खडा नाहीं म्हणून पिशवीवर लिहिलंय कीं," त्या म्हणायच्या, "तूं काय कंपनीला खोटं पाडतेस?" नवरा एकोजी आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात कामाला; त्यानं तर तिचं नाव चाळणी ठेवलं होतं. हसा लेको, ती म्हणायची. आणि मधुवंती बोलायला लागल्यापासून तिनं पोरीच्या बोलण्यासमोरही ताट धरलं. हा तमिळ, हा इंग्रजी, हा आजीचा जुनापुराणा, हा चालेल, हा नको. पोरीनं शुद्ध बोलावं, मिरजेला गेल्यावर कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. त्यात कुणी उपाशी राहील असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

टेबलावरचा मोबाइल वाजला. रुग्णालयाच्या लॅबमधून तिचे मदतनीस गुंडोराव बोलत होते. "मॅडम, त्या पेशंट पोरीला ऑपरेशनला आंत घेतलंय. तुम्ही निघा." मग मात्र पळी, वाटी, मम्मी सगळं तिथंच टाकून ती जिना उतरली. दुरैसामी सबवेत रिक्षा अडकली, वर पुलावरून तांबरमची गाडी धडधडत गेली, कुठल्याशा अम्मन देवीच्या देवळाचा कर्णा आडी महिन्याच्या जोशात कोकलत होता. या सगळ्या कोलाहलात तिला स्पष्ट दिसत होता तो एक पालथा तळवा. लहानसा, कडेला सांबाराचा डाग लागलेला.

तिचं काम काय, तर तेही निवडायचंच. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा वीतभर लांबीचा अवयव आडवा पडलेला असतो. त्याची कामं दोन: अन्न पचवणारा रस तयार करायचा, आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन तयार करायचं. हे इन्सुलिन करणाऱ्या पेशींचे बारीक बारीक पुंजके त्या पिंडात इकडंतिकडं विखुरलेले असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिलंय बेटं, आणि नाव खोटं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती खरंच कुठल्या तरी पिवळट समुद्रात पडल्यासारखी दिसतात. भोवतीचा समुद्र चिवट धाग्यांनी विणलेला. ते धागे खाणारं एन्झाइम मिळतं, ते पिंडात भरायचं, अंगाच्या उष्णतेइतकी ऊब द्यायची, पोलादी भांड्यात गोट्यांबरोबर हलवत राहायचं. हळूहळू धागे विरघळतात आणि बेटं सुटी होतात. ऐकायला सोपं आहे. पण एन्झाइमला कुठं डोळे असतात? धागे संपले की ते बेटांनाही धरतं. लवकर थांबवलं तर बेटं अडकलेली राहतात, उशिरा थांबवलं तर बेटंच विरघळून जातात. मधला क्षण कुणी तरी पाहून ठरवायचा, आणि या रुग्णालयात तो अलकनंदा ठरवायची. तिच्या हातची बेटं इतकी स्वच्छ निघत की दिल्लीहून पाहायला आलेले एक गृहस्थ म्हणाले होते, बाई, ही तर निवडलेली मसुराची डाळ आहे. ते वाक्य तिनं मिरजेला फोन करून आईला सांगितलं होतं.

पण ती स्वच्छ बेटं होती मृत दात्यांच्या पिंडातली, दुसऱ्याला द्यायची, आणि त्यातली बरीचशी तर नुसती सरावाची. आजचं काम निराळं होतं. आज ज्या पोरीचं पिंड यायचं होतं तिलाच ते परत जायचं होतं. हेमलता तिचं नाव, वय सव्वीस, तांबरमच्या एका शाळेत धाकट्या वर्गांना शिकवणारी. अकराव्या वर्षापासून तिचं पोट दुखत होतं. दुखत होतं म्हणजे साधं नव्हे. जेवली की तासाभरात गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर लोळायची वेळ यायची. पिंडात खडे झाले होते, आजूबाजूचं मांस सुकून दोरखंड झालं होतं. औषधं झाली, नळ्या घालून झाल्या, नवस झाले. शेवटी डॉ. पुरुषोत्तम या शल्यविशारदांनी ठरवलं, अख्खं पिंडच काढायचं. दुखणं जाईल, पण त्याबरोबर इन्सुलिनही जाईल. मग जन्मभर सुया, आणि साखर कधी आभाळाला भिडेल, कधी पोरगी चालता चालता कोसळेल, नेम नाही. यावर इलाज एकच. काढलेल्या पिंडातून बेटं सोडवायची आणि तिच्याच यकृताच्या शिरेत सोडायची. तिथं ती रुजली तर रुजली. असल्या सुकलेल्या पिंडातून बेटं काढायचं काम या लॅबनं आधी केलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी अलकनंदा तिला भेटायला वॉर्डात गेली होती. खरं तर गरज नव्हती. लॅबच्या माणसानं रुग्णाला भेटू नये, हात कापतो, असं ती स्वतःच सांगायची. पण नाव ऐकलं, वडिलांचं वसंतराव हे मराठी नाव ऐकलं, आणि पाय वळले. हेमलता खाटेवर बसून शाळेच्या वह्या तपासत होती. काटकुळी, मोठ्या डोळ्यांची. "तुम्ही तिकडच्या ना? महाराष्ट्रांतल्या?" तिनं विचारलं. मिरजेची, अलकनंदा म्हणाली. "मग मी जपून बोलतें," हेमलता म्हणाली. "आमचं बोलणं ऐकून तिकडचे लोक हंसतात." हे तिनं अगदी सहज सांगितलं, बाहेर ऊन आहे म्हणावं तसं. अलकनंदाच्या काळजात चर्र झालं आणि का झालं ते त्या वेळी तिला धड कळलं नाही. मग हेमलतानं विचारलं, "बेटं सगळीं मरतील कीं कांहीं राहतील?" राहतील, अलकनंदा म्हणाली. असं वचन द्यायचं नसतं, तरी दिलं. "मला काय हवंय सांगूं? हंसूं नका. लग्नाच्या पंगतींत बसायचंय. आणि वाढपी दुसऱ्यांदा आला कीं त्याला नको म्हणायचं नाहीं." खाटेच्या पायाशी बसलेले वसंतराव उठले आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. तांब्या मात्र भरलेलाच होता.

आता तेच पिंड बर्फाच्या भांड्यातून तिच्या पुढ्यात आलं होतं. लॅब थंड होती, कानात यंत्रांची घरघर होती, आणि तरी तिच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. पिंड पांढुरकं, टणक, हाताला सुकलेल्या आल्यासारखं लागणारं. तिनं नळी शोधली, एन्झाइम भरायला घेतलं. चांगलं पिंड भरताना फुगतं. हे कुठं फुगत होतं, कुठं हटून बसत होतं. फटीतून खडे दिसायला लागले. पांढरे, वेडेवाकडे, काही तर जोंधळ्याएवढे. ती चिमट्यानं एकेक काढून पोलादी तबकात टाकायला लागली आणि प्रत्येक खडा टिण्ण करून वाजला. जन्मभर खडे निवडले, तिच्या मनात आलं, पण हे कुणाच्या ताटातले नव्हेत, पोरीच्या पोटातले. पंधरा वर्षं हे घेऊन ती वर्गात उभी राहिली, फळ्यावर लिहिलं, पोरांची नाकं पुसली. अलकनंदानं दात आवळले आणि शेवटचा खडा निघेपर्यंत मान वर केली नाही.

गुंडोरावांनी भांडं बंद केलं, ऊब दिली आणि हलवायला सुरुवात केली. हा माणूसही तंजावरकडचाच. पन्नाशीचा, घट्ट मनगटांचा, कामाच्या वेळी कमी बोलणारा. आत पोलादी गोट्या खडखडत होत्या. थोड्या थोड्या वेळानं ते नळीतून थेंबभर नमुना काढायचे, त्यात रंग टाकायचे, काच तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे आणि विचारायचे, "थांबवूं का मॅडम?" या रंगाची गंमत अशी की तो फक्त बेटांनाच लाल करतो, बाकी सगळं पिवळट राहतं. पहिल्या काचेवर नुसते गोळे होते, न शिजलेल्या डाळीसारखे. "नाही." दुसऱ्यावर तेच. "नाही." तिसऱ्यावर एका गोळ्याच्या कडेला लाल टिपका दिसला आणि तिचं काळीज लकाकलं. आहे! आत आहेत, जिवंत आहेत. पण अडकलेली. "हलवा," ती म्हणाली.

आणि मग ते खडखडणं ऐकताना, काय माहीत कसं, तिला तिची आई दिसली. मधुवंतीच्या बारशाला आई मिरजेहून आली होती. दारात कमलिनीबाई पुढं झाल्या, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि आपल्या भाषेत तोंडभरून स्वागत करायला लागल्या. काही शब्द पोथीतल्यासारखे, मध्येच तमिळ, आणि सूर तर सगळा तमिळच. आई आधी बघतच राहिली आणि मग तिला हसू फुटलं. दुष्टपणा नव्हता हो त्यात. कानाला नवल वाटलं म्हणून हसली. पण कमलिनीबाईंचं वाक्य तिथंच तुटलं. आई राहिली ते सगळे दिवस त्या तिच्याशी फक्त खुणांनी आणि हसून बोलल्या. वाढताना "पोदुमा?" विचारायची, म्हणजे पुरे का, त्यांची सवय, तेही त्यांनी विचारलं नाही, नुसती पळी धरून वाट बघत उभ्या राहायच्या. आई निघून गेल्यावर घर पुन्हा बोलायला लागलं. अलकनंदाला तेव्हा वाटलं होतं, सासूबाईंचा घसा बसला असेल. घसा! स्वतःला सोयीचं असतं तेच माणसाला बरोबर वाटतं. आज सकाळी त्या "पोर अर्धपोटीं गेली कीं गे" म्हणाल्या, तेव्हा त्यांना आठवलंच असेल की.

"थांबवूं का मॅडम?"

काचेवर आता बरंच लाल दिसत होतं. पण कसं? प्रत्येक लाल दाण्याला भोवतालच्या मांसाची पिवळट साल चिकटलेली. कुणाला अर्धी, कुणाला सगळीकडून. अशी काच तिनं कधीच पसंत केली नव्हती. हात सांगत होता, अजून थोडं हलवू दे, साल सुटू दे, मग बघ कसे लखलखीत निघतात. एन्झाइम आहे, ऊब आहे, फक्त धीर धरायचा. "नाही," ती म्हणाली, आणि गोट्या पुन्हा खडखडायला लागल्या. बाहेर बाकावर वसंतराव बसले असतील. येताना तिनं पाहिलं होतं, लेकीच्या चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर धरली होती त्यांनी. तिनं गुंडोरावांना घाई केली, "काढा, पुढचा नमुना लवकर काढा."

या काचेवर एक बेट अगदी स्वच्छ होतं. सालीचा मागमूस नाही, लाल, गोल, तिच्या मनासारखं. तिनं भिंग त्याच्यावर आणलं आणि बघतच राहिली. त्याची कड उसवत होती. बारीक बारीक लाल कण सुटून पाण्यात जात होते आणि फिके पडत होते. तिनं दुसरं स्वच्छ बेट शोधलं; त्याची तीच गत. मग सालीतलं एक शोधलं. ते पोटाशी पाय घेऊन झोपलेल्या पोरासारखं आपल्या सालीत निवांत होतं, लालभडक, कड शाबूत. जी जी स्वच्छ झाली होती ती ती विरत होती. हे तिला पुस्तकातून माहीत नव्हतं असं नाही. ज्याचं त्यालाच परत द्यायचं असेल तेव्हा साफसुफीची गरज नसते, आपलं मांस आपल्याला परकं नसतं, हे ती दुसऱ्यांना समजावून सांगायची. पण तोंडानं सांगणं निराळं आणि हाताला पटणं निराळं. वाटीवर पालथा घातलेला तो तळवा तिला परत दिसला, आणि ती इतक्या मोठ्यानं ओरडली की गुंडोराव दचकले. "थांबवा! आत्ताच्या आत्ता! गार पाणी सोडा!"

गार द्रव भांड्यात शिरला. खडखड थांबली. एन्झाइमची धुंदी उतरते ती गारव्यानंच. आता ते कुणाला खाणार नव्हतं. पुढचं काम हात आपोआप करत होते. गोळा करायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं. मग गुंडोरावांनी नेहमीप्रमाणे गाळणीचं यंत्र सुरू करायला हात नेला. त्यात गरगर फिरवून बेटं एकीकडे आणि गाळ एकीकडे करतात. "ते नको," ती म्हणाली. त्यांनी वळून पाहिलं. "निवडायचं नाहीं?" अलकनंदानं न निवडता काही पुढं पाठवलं असं त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, बिचाऱ्यांचा कानांवर विश्वास बसेना. "नाही गुंडोराव. यातून निवडायला गेलो तर निम्मं हातचं जाईल. तिचं आहे ते सगळं तिला जाऊ दे. सालीसकट."

फोनवर डॉ. पुरुषोत्तम मात्र वैतागले. "इतकं? हे शिरेत सोडायचं म्हणजे दाब वाढणार. शीर तुंबली तर यकृताला धोका आहे, तुम्हाला माहीत आहे ना?" माहीत होतं. मूठभर गढूळ मिश्रण होतं ते. तिच्या नावाला शोभेल असं तर मुळीच नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, अजूनही गाळावं, कुणी बोट ठेवणार नाही. मग ती म्हणाली, "हळूहळू सोडू. दाब वाढला की थांबू, उतरला की पुन्हा सोडू. मी स्वतः घेऊन येते." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "या," ते म्हणाले.

ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या उजेडात ती पिशवी टांगली गेली. तपकिरी, लालसर, तळाशी साका बसू पाहणारं पाणी. अलकनंदा ती हातानं हळूहळू हलवत राहिली. नळीतून ते उतरायला लागलं. पडद्यावरचा दाबाचा आकडा चढला, आणखी चढला. "थांबा," डॉक्टर म्हणाले. सगळे थांबले. हेमलताचा चेहरा कापडाआड होता, दिसत होता तो फक्त एक पाय, पैंजणाची जुनी खूण असलेला. अलकनंदाचा जीव टांगणीला लागला. देवबीव ती फारसं करत नसे, तरी सासूबाई जिला हात जोडतात त्या कोपऱ्यावरच्या अम्मनला तिनं मनातल्या मनात एक पातळ बोलून टाकलं. आकडा रेंगाळला, आणि मग बोटभर, बोटभर करत उतरला. "सोडा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा सोडलं, पुन्हा थांबले, पुन्हा सोडलं. शेवटी पिशवीत तळाला लाल रेघ तेवढी उरली. अलकनंदानं त्यात स्वच्छ द्रव घातला, आमटीचं पातेलं विसळून घेतात तशी पिशवी विसळली आणि तेही पाठवून दिलं. "काही म्हणजे काही टाकायचं नाही का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. तोंडावर मास्क होता, पण डोळे हसत होते. दाब ठीक होता. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी आली तर मधुवंती आजीजवळ बसून गृहपाठ करत होती. आईला बघून तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि एक लांबलचक वाक्य टाकलं, अर्धं तमिळ, पाव मराठी, पाव इंग्रजी. शाळेतल्या कुठल्याशा मुलीनं डब्यातलं लोणचं बाईंच्या साडीवर सांडल्याची हकिगत. सांगताना ती हकिगतीकडे बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती. परीक्षा चालली होती, आणि अलकनंदाला ते कळलं. निवडण्याजोगे शब्द तर केवढे होते त्यात, मूठ भरून! तिनं जीभ दातांखाली धरली. "मग? बाईंनी काय केलं?" तिनं विचारलं. मधुवंतीनं जरा वेळ वाट पाहिली. काहीच आलं नाही. मग ती पुढचं सांगायला लागली, आधी हळू, मग भरभर, हातवारे करत. कांद्याचं सांबार ढवळता ढवळता कमलिनीबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. "दमलीस कीं गे," त्या म्हणाल्या. "बैस. आज मी वाढतें." वाढताना त्यांनी "पोदुमा?" विचारलं, आणि अलकनंदाला कशानं कोण जाणे, एकदम रडू आलं. तिखट लागलं, तिनं सांगितलं. कुणाला पटलं नाही.

पुढचे दिवस मात्र वाट बघायचे. नवी बेटं यकृतात रुजेपर्यंत त्यांना विसावा म्हणून वरून इन्सुलिन द्यावं लागतं, त्यामुळं साखरेच्या आकड्यावर लगेच भरवसा ठेवता येत नाही. खरी खूण दुसरीच. शरीर स्वतः इन्सुलिन तयार करतं तेव्हा त्याबरोबर आणखी एक पदार्थ रक्तात उतरतो, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. तो दिसला तर बेटं जागी आहेत. अलकनंदा रोज लॅबच्या खिडकीशी उभी राहायची आणि कुणी विचारलं तर समुद्राचा वारा आलाय म्हणायची. तिथून समुद्र दोन मैलांवर होता. आणि एके दिवशी तपासणीत तो दिसला. फार नव्हता. पण होता, आणि पुढच्या खेपेला आणखी होता. गुंडोरावांनी खाली जाऊन फिल्टर कॉफी आणली. "सालीसकट गेलीं म्हणून राहिलीं बघा," ते म्हणाले. ती म्हणाली, "आत्ताच दृष्ट लावू नका. अजून महिने जायचेत," आणि कॉफी दोन घोटांत संपवली.

हेमलताला पहिल्यांदा धड जेवण दिलं त्या दुपारी अलकनंदा वॉर्डात गेली, आता हात कापायची भीती नव्हती. वसंतरावांनी डब्यातून दहीभात आणला होता, मऊ, वर आलं-कढीपत्त्याची फोडणी. आधी पचनाच्या गोळ्या झाल्या. मग हेमलता जेवली, सावकाश, एकेक घास जिभेवर घोळवत. भात संपला. आणि ती थांबली. डावा हात पोटावर ठेवला, डोळे मिटले, खांदे आवळले. पंधरा वर्षांची सवय. आता येणार, आता कळ येणार. वसंतराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अलकनंदाही श्वास धरून बसली. टाके ओढत होते, तेवढंच. ते दुखणं निराळं, वरवरचं, ओळखीचं नसलेलं. बाहेर कावळा ओरडला, कुणी ट्रॉली ढकलत गेलं, आयाबाईंनी शेजारची खाट झाडली. बराच वेळ गेला. कळ आली नाही. हेमलतानं एक डोळा उघडला, मग दुसरा. खांदे हळूहळू खाली आले. तिनं रिकाम्या ताटलीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि अलकनंदाकडे बघून, जपून, शब्द शोधत म्हणाली, "अजून कों..." मग थांबली, लाजली. "अजून थोडा..."

"थोडा नाही," अलकनंदा म्हणाली. तिनं डबा आधीच उचलला होता, चमचा भातात होता. "काय म्हणत होतीस तेच म्हण."

हेमलता हसली. टाक्यांवर हात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि ताटली पुढं केली. "अजून कोंजम वाढा," ती म्हणाली, आणि अलकनंदानं भरपूर वाढलं.